यंत्र विकले, दुभाष्या राखून ठेवला

पनवेलनजीक हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीने उभारलेल्या एनएम-१ या डेटा सेंटरमध्ये २०२४च्या मार्च महिन्यात एनव्हिडिया कंपनीच्या एच-१०० जातीच्या सुमारे ४,००० ग्राफिक्स प्रोसेसरांची पहिली खेप दाखल झाली, आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी दिली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या नव्या उद्योगात नवी मुंबईस मानाचे स्थान लाभणार म्हणून जो आनंद व्यक्त झाला तो अस्थानी नव्हता. ऐरोली, रबाळे, महापे या ज्या पट्ट्यास आपण कालपर्यंत रासायनिक कारखान्यांमुळे ओळखत होतो, तेथे आता संगणकांच्या टोलेजंग इमारती उभ्या राहत आहेत. या इमारतींत अहोरात्र चालणारी अशी यंत्रे बहुतांशी लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक, ज्यास नोव्हेंबर २०२०च्या जागतिक यादीत ६३वा क्रमांक मिळाला होता, तोही एनव्हिडियाचे प्रोसेसर आणि लिनक्स यांच्याच संयोगातून सिद्ध झालेला आहे. २०१७च्या नोव्हेंबरपासून तर जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या त्या यादीत लिनक्सवाचून दुसरी प्रणालीच उरलेली नाही. तात्पर्य, लिनक्सवर ग्राफिक्स प्रोसेसर उत्तम प्रकारे चालविण्याची विद्या एनव्हिडियापाशी नाही, असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

परंतु त्याच पनवेलहून हार्बर मार्गाने काही स्टेशने अलीकडे, खारघर, नेरुळ अथवा वाशीच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी विद्यार्थिनी, घरच्यांनी हप्त्यांवर घेऊन दिलेल्या आणि त्याच कंपनीचा धाकटा प्रोसेसर बसविलेल्या लॅपटॉपवर तेच लिनक्स टाकू पाहते, तेव्हा तिच्या नशिबी निराळाच अनुभव येण्याचा संभव फार असतो. कधी पडदा काळा पडतो तो पडतोच. कधी लॅपटॉप मिटून उघडला की जागा होत नाही. कधी बॅटरी निम्म्या वेळात संपते. तर कधी सगळे काही सुरळीत चालले असताना एका अपडेटनंतर यंत्र अक्षरांच्या टर्मिनलपलीकडे पाऊल टाकावयास तयार होत नाही. कंपनी एक, प्रणाली एक, रेल्वेमार्गही एक, आणि न्याय मात्र दोन! या दोन न्यायांचे मूळ तंत्रात शोधू गेल्यास सापडणार नाही; ते खरेदी-विक्रीच्या व्यवहारात आहे, आणि म्हणूनच त्याचा उपायही व्यवहारातच शोधला पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य होय.

ज्या वाचकांचा संगणकाच्या अंतरंगाशी परिचय नाही त्यांच्यासाठी प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. पेशव्यांच्या दरबारात फिरंगी वकील आला म्हणजे त्याचे म्हणणे दरबारास आणि दरबाराचे म्हणणे त्यास समजावून देण्यासाठी दुभाष्याची नेमणूक होत असे. संगणकाची प्रणाली आणि त्यात बसविलेले प्रत्येक यंत्रांग यांच्यामध्ये असाच एक दुभाष्या असावा लागतो, आणि त्यालाच ड्रायव्हर ही संज्ञा आहे. लिनक्समधील बहुतेक दुभाषे उघड्या दरबारात बसतात, म्हणजे त्यांची आज्ञावली प्रणालीचा गाभा असलेल्या कर्नलबरोबरच प्रसिद्ध असते, ती कोणासही वाचता येते, दुरुस्त करता येते, आणि कर्नल बदलला की त्याचे कर्तेच तीही सोबत बदलून घेतात. याउलट मालकीचा, अर्थात बंदिस्त ड्रायव्हर हा विक्रेत्याच्याच पदरी असलेला दुभाष्या. तो काय बोलतो ते दरबारास कळत नाही, तो केव्हा येईल व केव्हा रजेवर जाईल हे त्याचा धनी ठरवितो, आणि दरबाराची भाषा थोडी जरी बदलली तरी त्याची जीभ अडखळते. कर्नलचे कर्ते असा ड्रायव्हर चढविलेल्या कर्नलवर ‘टेंटेड’ असा शेरा मारतात आणि त्यावरील दोषांच्या तक्रारी बहुधा विचारात घेत नाहीत, कारण ज्याचे अंतरंग पाहण्याची मुभा नाही त्याचे निदान करणार तरी कसे? मग कर्नलवाले कंपनीकडे बोट दाखवितात, कंपनी प्रणालीच्या वितरकाकडे दाखविते, वितरक लॅपटॉपच्या उत्पादकाकडे दाखवितो, आणि उत्पादक सांगतो की आम्ही हे यंत्र विंडोजसह विकलेले आहे.

लॅपटॉपच्या बाबतीत हा गुंता अधिकच वाढतो, कारण तेथे ग्राफिक्सचे प्रोसेसर बहुधा दोन असतात. एक मुख्य प्रोसेसरच्याच पोटात असलेला, इंटेलचा वा एएमडीचा, किरकोळ कामांपुरता आणि मितव्ययी. दुसरा स्वतंत्र, बलाढ्य आणि विजेचा भोक्ता. काम हलके असेल तेव्हा पहिल्याने आणि जड असेल तेव्हा दुसऱ्याने चित्र काढावे, ही ‘ऑप्टिमस’ नावाची योजना एनव्हिडियाने २०१० साली आणली. योजना खरोखरच चतुर होती, परंतु ती विंडोजपुरती होती. लिनक्सच्या वापरकर्त्यांनी वाट पाहून शेवटी २०११मध्ये ‘बंबलबी’ नावाचा खटाटोप स्वयंसेवेने उभा केला. त्या कामाची अवस्था अशी कष्टप्रद की एकदा स्थापनेच्या आज्ञेत नजरचुकीने पडलेल्या एका मोकळ्या जागेमुळे वापरकर्त्याच्या यंत्रातील एक संपूर्ण महत्त्वाची डिरेक्टरीच पुसली जाऊ लागली, आणि ती चूक जगभर चेष्टेचा विषय झाली. चेष्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी असा प्रश्न केला असेल, की हे काम ज्याचे होते तो कोठे होता? कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये हवे तेवढेच काम दुसऱ्या प्रोसेसरकडे सोपविण्याची समाधानकारक सोय येण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

आजही ज्या अडचणी उरल्या आहेत त्या क्षुल्लक नव्हेत. बंदिस्त ड्रायव्हर कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्या यंत्रावर नव्याने जुळवून घ्यावा लागतो, आणि ती जुळणी फसली की पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ग्राफिक्सचा पडदाच उगवत नाही. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर कर्नलमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक भागावर ओळखीची सही असावी लागते. बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरवर ती नसल्याने वापरकर्त्याने स्वतःची किल्ली तयार करून, यंत्र पुन्हा सुरू होताना येणाऱ्या एका निळ्या पडद्यावर ती नोंदवावी लागते, आणि त्या पडद्याचा अर्थ न कळल्यामुळे ‘कंटिन्यू’ दाबून पुढे गेलेल्या नवशिक्यास आपला ड्रायव्हर का चालत नाही हे दिवसचे दिवस उमगत नाही. पुष्कळ लॅपटॉपांत बाहेरचा पडदा जोडण्याचा एचडीएमआय पोर्ट थेट त्या दुसऱ्या प्रोसेसरलाच जोडलेला असतो. त्यामुळे घरी लॅपटॉपच्या पडद्यावर सगळे दिसत असूनही महाविद्यालयात प्रोजेक्ट सादर करतेवेळी प्रोजेक्टर मात्र कोराच राहतो. बरे, या स्वतंत्र प्रोसेसरवाचून चालवून घ्या म्हणावे, तर कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स यांच्या नव्या शाखांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस ग्राफिक्स प्रोसेसरकडून गणिते करवून घेणारी कंपनीची ‘कूडा’ ही व्यवस्था अपरिहार्य झालेली आहे, आणि तिच्यासाठी कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. ज्या विद्येच्या बळावर पनवेलच्या त्या प्रोसेसरांपुढे नोकरीस बसावयाचे, तिचा घरचा अभ्यास हा असा विघ्नांनी भरलेला असावा, यातील विसंगती उद्योगाच्या धुरीणांनाही टोचावयास हवी.

या प्रश्नाचा इतिहास मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीइतकाच जुना आहे. किंबहुना ती चळवळ अशाच एका ड्रायव्हरच्या वादातून जन्मास आली. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा एक नवा छपाईयंत्रसंच आला, त्यात कागद अडकला की सर्वांना सूचना जावी अशी दुरुस्ती रिचर्ड स्टॉलमन यांना करावयाची होती, आणि त्यासाठी लागणारी आज्ञावली देण्यास नकार मिळाला. तो नकार मनात ठेवून १९८३च्या सप्टेंबरात त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. पुढे १९९१मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा कर्नल लिहिला आणि दोन्ही प्रवाह एकत्र झाले. याच टोरवाल्ड्स यांना २०१२च्या जून महिन्यात फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात एका श्रोत्या स्त्रीने आपल्या ऑप्टिमस लॅपटॉपची व्यथा सांगितली, तेव्हा कॅमेऱ्यापुढे एनव्हिडियास उद्देशून त्यांनी जी असभ्य खूण केली आणि जो शब्द उच्चारला तो येथे छापण्याजोगा नाही. परंतु आपणास ज्या कंपन्यांशी व्यवहार करावा लागला त्यांत हीच सर्वांत वाईट, हे त्यांचे मत लक्षात ठेवण्याजोगे आहे. तो प्रश्न महासंगणकाचा नव्हता, लॅपटॉपचाच होता!

दरम्यान काही स्वयंसेवकांनी कंपनीच्या साह्यावाचून, यंत्रास पाठविल्या जाणाऱ्या आज्ञांचे निरीक्षण करकरून, ‘नूवो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर लिहिला आणि २०१०मध्ये तो कर्नलमध्ये समाविष्टही झाला. परंतु २०१४च्या सुमारास आलेल्या प्रोसेसरांपासून कंपनीने अशी तजवीज केली की प्रोसेसर पूर्ण वेगाने धावावा यासाठी जे फर्मवेअर त्यात भरावे लागते त्यावर कंपनीचीच सही असली पाहिजे. सही नसेल तर यंत्र सुरू होते, परंतु त्याचा वेग वाढत नाही. म्हणजे पैसे मोजून घेतलेला प्रोसेसर मुक्त ड्रायव्हरच्या हाती जन्मभर पायी चालतो. बुद्धीने आणि परिश्रमाने जे साधता आले असते ते या एका सहीने अडवून धरले.

यानंतर २०२२च्या मे महिन्यात कंपनीने एकाएकी आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केला, आणि २०२४च्या उन्हाळ्यात आलेल्या ५६० मालिकेपासून नव्या प्रोसेसरांकरिता तोच भाग प्रमाण ठरविला. हा हृदयपालट का झाला याची कारणे कंपनीस ठाऊक. परंतु २०२२ची ती पहिली आवृत्ती प्रसिद्ध करताना कंपनीने केलेला भेद अत्यंत बोलका आहे. डेटा सेंटरमधील प्रोसेसरांसाठी हा खुला भाग प्रत्यक्ष कामास योग्य असल्याचे तिने जाहीर केले, आणि लॅपटॉप व घरगुती संगणकांतील प्रोसेसरांसाठी तो अद्याप प्राथमिक, चाचणीच्या अवस्थेत असल्याचे सांगितले. ज्याच्या एका खरेदीपत्रावर हजारो प्रोसेसर लिहिलेले असतात त्याची निकड आधी भागली, आणि ज्याच्या पावतीवर एकच लॅपटॉप असतो तो रांगेत मागे राहिला. यात कंपनीने काही अधर्म केला असे मला म्हणावयाचे नाही. व्यापारात मोठ्या गिऱ्हाइकाची मर्जी आधी राखली जाते हा सनातन शिरस्ता आहे. परंतु त्या शिरस्त्यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे: लहान गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन मोठे गिऱ्हाईक व्हावयाचे, अथवा जे आधीच मोठे गिऱ्हाईक आहे त्याने लहानांच्या वतीने बोलावयाचे.

येथे कंपन्यांची बाजूही न्यायबुद्धीने ऐकून घेतली पाहिजे. ड्रायव्हरमध्ये अनेक वर्षांच्या संशोधनाची गुह्ये असतात, त्यात दुसऱ्यांकडून परवान्याने घेतलेले अंश असतात, आणि ते उघडे केल्यास प्रतिस्पर्ध्यास आयते मिळतात, हा त्यांचा युक्तिवाद निराधार नाही. शिवाय कधी कधी कंपनीची इच्छा असूनही मार्ग अडतो: एएमडीने आपल्या मुक्त ड्रायव्हरमध्ये एचडीएमआयच्या २.१ या आवृत्तीची सोय सिद्ध केली असता, त्या मानकाचे स्वामित्व असलेल्या एचडीएमआय फोरमने २०२४च्या आरंभी तीस परवानगी नाकारली. तथापि याच एएमडीचा वृत्तान्त असे सांगतो की उघडेपणा म्हणजे आत्मघात नव्हे. २००६मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतल्यानंतर वर्षभरातच तिने आपल्या प्रोसेसरांची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करण्याचे ठरविले, २०१५मध्ये तिचा नवा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला, आणि आज त्या प्रोसेसरांचा लॅपटॉप घेणाऱ्यास लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर सहसा शोधावाच लागत नाही. इंटेलचे वर्तनही या बाबतीत पूर्वापार असेच उदार राहिले. या दोघांचेही फर्मवेअर बंदिस्तच आहे, म्हणजे गुपित राखण्यास त्यांच्याकडेही जागा आहे. परंतु जेवढे उघडे केल्याने गिऱ्हाइकाचे काम अडत नाही तेवढे त्यांनी उघडे केले. एनव्हिडियाचाही चित्र रेखाटणारा आणि ‘कूडा’ चालविणारा मोठा भाग अद्याप बंदिस्त आहे. तो तसा राहिला म्हणून मी भांडावयास जाणार नाही. जो दुभाष्यास आपल्या पदरी ठेवितो त्याने त्यास वेळेवर दरबारात हजर करण्याची हमी मात्र दिली पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे.

ही हमी किती वर्षांची, हा त्याहून नाजूक प्रश्न. २०१७ साली आपल्याकडे जे गेमिंग लॅपटॉप विकले गेले त्यांपैकी अनेकांत इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचा जीटीएक्स १०५० असा जोड होता. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार थांबविला, आणि विंडोज ११च्या अटींत इंटेलच्या सातव्या पिढीतील प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद वगळता, बसत नाहीत. अशा वेळी अंगाने धडधाकट असलेला तो लॅपटॉप मोडीत न काढता त्यावर लिनक्स बसवावे, हा कोणताही सुज्ञ मनुष्य देईल असा सल्ला. पण एनव्हिडियाने जाहीर केल्याप्रमाणे लिनक्सवरील ५८० ही मालिका त्या पिढीच्या प्रोसेसरांना सामावून घेणारी अखेरची मालिका होय; कंपनीने खुला केलेला भाग २०१८च्या आणि त्यानंतरच्या प्रोसेसरांपुरताच आहे; आणि ‘नूवो’ या मुक्त ड्रायव्हरला त्या यंत्राचा वेग वाढविता येत नाही, कारण सही कंपनीची. तेव्हा विंडोज नाही, नवा बंदिस्त ड्रायव्हर नाही आणि पुरता मुक्त ड्रायव्हरही नाही, अशा तिहेरी कोंडीत तो लॅपटॉप सापडतो. जुनी मालिका काही काळ चालत राहील हे खरे, परंतु कर्नल पुढे जात राहतो आणि थांबलेला ड्रायव्हर एके दिवशी त्याच्याशी जुळेनासा होतो. घरातील थोरल्याचा लॅपटॉप धाकट्यास देणारी, किंवा लॅमिंग्टन रोडवर जाऊन जुना लॅपटॉप पारखून घेणारी जी कुटुंबे आहेत, त्यांचा हा तोटा. आणि ई-कचऱ्याचे नियम करणाऱ्या सरकारने तो केवळ खासगी तोटा मानून स्वस्थ बसावे हे शोभणारे नाही.

कायद्याने ग्राहकास या बाबतीत अगदीच निराधार ठेविलेले आहे असे नाही. १९५७च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या ५२व्या कलमात १९९९च्या दुरुस्तीने अशी तरतूद घातली गेली, की एखाद्या संगणक-आज्ञावलीचा कायदेशीर धारक, स्वतंत्रपणे रचलेल्या दुसऱ्या आज्ञावलीशी तिचा मेळ बसविण्यास आवश्यक ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसल्यास, ती मिळविण्यासाठी जी कृती करील ती उल्लंघन मानली जाणार नाही. म्हणजे ‘नूवो’च्या कर्त्यांनी जे केले त्या स्वरूपाचे कार्य आपल्या कायद्यास मान्य आहे. परंतु कायद्याने दिलेला हा हक्क फर्मवेअरवरील सहीपुढे निष्फळ ठरतो. माहिती मिळविण्याची मुभा आहे, पण मिळालेल्या माहितीनुसार दिलेली आज्ञा यंत्र ऐकत नाही. दुसरीकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने वस्तूचा दर्जा, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क ठरविला, आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमून त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू केले. दुरुस्तीच्या या हक्काची चर्चा आजवर सुटे भाग, बॅटरी आणि पडदे यांच्याभोवती फिरत राहिली. ड्रायव्हर हाही एक सुटा भागच आहे आणि त्याच्या अभावी यंत्राचा तितकाच खोळंबा होतो, ही गोष्ट त्या चर्चेत ठासून मांडली गेली पाहिजे.

आता राहता राहिले ते सर्वांत मोठे गिऱ्हाईक, म्हणजे सरकार. केंद्र सरकारने २०१५ सालीच मुक्त सॉफ्टवेअरच्या अंगीकाराचे धोरण जाहीर करून आपल्या कार्यालयांना त्यास प्राधान्य देण्यास सांगितले, आणि ते वगळावयाचे झाल्यास पुरवठादाराने कारण द्यावे अशीही शर्त घातली. सी-डॅकने त्याआधीच डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली तयार केलेली होती. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत ‘ई-कोर्ट्स’ योजनेखाली उबुंटू लिनक्स रुजले, आणि त्यावर चालणारी खटल्यांची नोंदप्रणाली आपल्याच पुण्यातील एनआयसीने घडविली. केरळच्या शाळांनी तर मुक्त सॉफ्टवेअर पंधराहून अधिक वर्षे निष्ठेने चालविले, आणि तेथील ‘काइट’ या संस्थेने हजारो वर्गखोल्यांत पोहोचविलेले लॅपटॉप तिने स्वतः सिद्ध केलेल्या लिनक्ससह पोहोचविले. न्यायालयांत आणि शाळांत लिनक्स टिकले यामागे एक साधे कारण आहे: तेथे प्रणाली आधी ठरली आणि यंत्र तिच्या अनुरोधाने घेतले गेले. महाराष्ट्रात एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लक्षावधी लोकांस संगणक शिकविला ही कामगिरी मोठीच, परंतु तो शिकविला तो मुख्यत्वे विंडोजच्या आधारे. त्यामुळे आपल्या कार्यालयांत यंत्र आधी आणि प्रणाली मागाहून, तीही गृहीत धरलेली, हा क्रम रूढ झाला. निविदेत ‘चार जीबीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड’ असे आवर्जून लिहिले जाते. ते कोणत्या प्रणालीवर, कोणत्या ड्रायव्हरने आणि किती वर्षे चालावे याविषयी बहुधा एक अक्षरही नसते. बाजारात स्वस्त पडतो म्हणून ‘डॉस’ अथवा ‘उबुंटू’ अशी चिठ्ठी लावलेला लॅपटॉप मिळतो खरा, परंतु ती चिठ्ठी पुष्कळदा विंडोजचा परवाना सोबत नाही एवढेच सांगण्यापुरती असते, आणि गिऱ्हाइकाने घरी नेऊन विंडोज टाकावे असे दुकानदारच सुचवितो.

यावर माझ्या तीन सूचना आहेत. पहिली अशी की कोणतेही सरकारी, निमसरकारी अथवा अनुदानित खाते स्वतंत्र ग्राफिक्स प्रोसेसरचे लॅपटॉप घेईल तेव्हा लिनक्सच्या निदान एका नामनिर्दिष्ट आवृत्तीवर पडदा, बाहेरचा प्रोजेक्टर, झोप-जाग आणि विजेची बचत या चारही गोष्टी चालत असल्याची चाचणी देणे पुरवठादारास बंधनकारक असावे, आणि त्या चाचणीचा दाखला मिळेपर्यंत त्याची अनामत मोकळी होऊ नये. चाचणी घेण्यास योग्य संस्था दूर शोधावी लागणार नाही; सी-डॅकच्या मुंबई केंद्राचा एक विभाग खारघरमध्येच आहे, आणि त्याच संस्थेच्या पूर्वावताराने, म्हणजे जुहूच्या एनसीएसटीने, लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून ‘इंडिक्स’ हा प्रकल्प दोन दशकांपूर्वी राबविला होता. दुसरी सूचना किरकोळ बाजारासाठी: लॅपटॉपच्या खोक्यावर जशी किंमत आणि उत्पादनाचा महिना छापला जातो, तसे कोणत्या प्रणालींसाठी ड्रायव्हर पुरविला जाईल आणि निदान कोणत्या वर्षापर्यंत पुरविला जाईल, हेही छापले जावे. एखाद्या कंपनीस लिनक्ससाठी काहीच पुरवावयाचे नसेल तर तिने ‘लिनक्ससाठी ड्रायव्हर नाही’ असे छापावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि गिऱ्हाईक आपला निर्णय आपण घेईल. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची: कंपनी ज्या दिवशी एखाद्या पिढीच्या प्रोसेसरांचा आधार थांबवील त्या दिवशी, त्या पिढीसाठी मुक्त ड्रायव्हर लिहिण्यास लागणारी माहिती आणि सही केलेले फर्मवेअर तिने प्रसिद्ध करावे. ज्या यंत्रासाठी तिला स्वतःला आता काही करावयाचे नाही, त्याच्या गुपितांचे मोल तिच्या लेखी तरी कितीसे उरले असणार?

या सूचनांवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की भारतातील एका राज्याच्या वा एका शहराच्या निविदेकडे जगातील बलाढ्य कंपनी ढुंकूनही पाहणार नाही. परंतु निविदेची अट थेट एनव्हिडियाने पाळावयाची नसून लॅपटॉपच्या उत्पादकाने पाळावयाची आहे, आणि त्याच्यापुढे एएमडीचा वा केवळ इंटेलचा पर्याय खुला आहे. अट पाळता न येणाऱ्या प्रोसेसरऐवजी पाळता येणारा प्रोसेसर तो निमूटपणे बसवील, आणि गेलेल्या मागणीचा हिशेब त्या कंपनीकडे आपोआप पोहोचेल. दुसरा आक्षेप असा की लिनक्स वापरणारे मूठभर, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर इतकेच की ते मूठभर का राहिले याचे एक कारण हाच ड्रायव्हरचा जाच आहे, आणि विंडोज १०च्या निवृत्तीनंतर त्यांची संख्या मूठभर राहणार नाही.

आपल्या शहरापुरते बोलावयाचे तर नवी मुंबई महानगरपालिका, सिडको आणि येथील विद्यासंस्था यांना आपल्या पुढील संगणक-खरेदीच्या मसुद्यात पहिल्या सूचनेचे कलम घालण्यास ना नवा कायदा हवा, ना दिल्लीची परवानगी. एखाद्या नगरसेवकाने सभेत तेवढा एक प्रश्न विचारावा, एखाद्या प्राचार्याने पुरवठादारास तेवढे एक पत्र धाडावे. आणि दुकानात उभ्या असलेल्या साध्या गिऱ्हाइकानेही ‘लिनक्सचा ड्रायव्हर किती वर्षे मिळेल ते पावतीवर लिहून द्या’ असे सांगावे. आजवर ही मागणी तोंडी झाली आणि तोंडीच विरून गेली. ती लेखी झाली की नाकारण्यासाठीही लेखी कारण द्यावे लागते, आणि लेखी कारण देण्याची पाळी आली म्हणजे व्यापारी मनुष्य बहुधा काम करून टाकणेच पत्करतो.